तोमेचा जिझो

मालकिणीला नवा देव सापडला, की घरातल्या दासींच्या जुन्या देवांची धडगत नसते. आमच्या ओकीसे बाईसाहेबांचं तेच झालं. धन्यांच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, हुकमामुळे त्यांना किल्ल्याबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. म्हणून दासीकरवी पाद्र्यांना चिठ्ठ्या पाठवून पाठवून त्या ख्रिस्ती झाल्या, उर्सुला नाव घेतलं. बाई मनाच्या चांगल्या, पण उत्साह दांडगा. महिन्याभरात आम्हा अकरा दासींचाही बाप्तिस्मा उरकला. आम्हाला विचारलं कुणी? आणि विचारलं असतं, तरी खायला घालणाऱ्या बाईला नाही कोण म्हणणार होतं?

अकरांत आधी अडली ती एकटी तोमे. धुण्याची बाई, पन्नाशीची. तिचा मुलगा योसाकु चार वर्षांचा असताना तापानं गेला होता. मेलेल्या लेकरांना सांभाळणारा तो जिझो, त्याची वीतभर लाकडी मूर्ती ती उशाशी ठेवायची. मूर्तीच्या गळ्यात योसाकुच्या अंगरख्याचं लाल फडकं. बाईसाहेबांनी मूर्ती उचलून शेगडीत घातली. फडकं तेवढं तोमेनं कसंबसं ओढून घेतलं.

"रडू नकोस गं," बाईसाहेबांनी समजूत घातली. "तुझं पोर आता मारियामातेच्या मांडीवर आहे."

तोमेनं डोळे पुसले आणि जपाची माळ घेतली.

तीन वर्षांनी वारं फिरलं. ख्रिस्ती धर्म बंद, असा वरून हुकूम सुटला. धन्यांनी बजावलं, घरातल्या बाराही माळा संध्याकाळच्या आत जाळा, नाहीतर घर बुडेल. कारभारी यादी घेऊन ओसरीवर येऊन बसला. बाईसाहेबांनी पुन्हा तीच शेगडी पेटवली आणि तितक्याच गोडीनं आम्हाला सांगितलं, देव काय, सगळीकडे सारखाच. त्यांची माळ पहिली पडली, मग आमच्या. मीही मुकाट्यानं टाकली. पुन्हा तोमेच अडली. बाईसाहेब चिडल्या, तुझ्या एकीपायी सगळ्यांच्या माना जातील म्हणाल्या.

तोमे खाली बसली. तिचा आवाजसुद्धा चढला नाही.

"बाईसाहेब, मला वाद घालता येत नाही. जिझो जाळलात तेव्हा माझ्या पोराला मारियामातेच्या मांडीवर तुम्हीच बसवलंत. तीन वर्षं मी त्याला तिथं बघतेय. आता तिथनंही उठवायचं, तर कुठं बसवू तेवढं सांगा. मग देते माळ."

बाईसाहेबांची मान खाली गेली. मग त्यांनी कमरपट्ट्याच्या घडीत हात घातला, आणि बाहेर काय काढलं तर स्वतःची चांदीची माळ! आपल्या नावानं शेगडीत टाकली होती ती कुठली तरी जादाची लाकडी. आमचे देव जाळताना त्यांनी आपला देव कमरेला लपवला होता.

"लाज वाटते गं, तोमे," त्या म्हणाल्या. "मला माझा एक सोडवेना, आणि तुझे दोन जाळायला निघाले."

तोमेच्या माळेच्या जागी चांदीची माळ निखाऱ्यात पडली. कारभाऱ्यानं ओसरीवरूनच शेगडीत पडलेल्या बारा मोजल्या आणि तो निघून गेला. तोमेनं आपली माळ त्या लाल फडक्यात गुंडाळली. आता हात कुणाला जोडणार, हे बाईसाहेबांनी विचारलं नाही.

मंडळी, तुमच्याही घरी चार माणसं राबत असतील. त्यांचं ताट आपण वाढतो, म्हणून त्यांचा देवही आपणच ठरवायचा, असं कधी समजू नका. जेवू घातल्यानं माणसाचं मन आपल्या मालकीचं होत नाही. आणि शेगडीपाशी नुसतं उभं राहणाराही सुटत नाही. मी दोन्ही वेळा तिथंच होते. दोन्ही वेळा गप्प बसले.