हैबतरावांची अर्धी पोथी

हैबतराव देशमुखांची पोथी मला हवी होती. अख्खी. बीडच्या घरी जुन्या कारभाऱ्यांची, सरदारांची पुस्तकं मी दोन कपाटं भरून जमवली होती. दिवसभर कचेरीत वकिलीचे उर्दू अर्ज खरडायचे आणि संध्याकाळी ती चाळत बसायचं, एवढंच माझं सुख. शंभर वर्षांमागं हैबतरावांनी गंगाकाठची, म्हणजे आमच्या गोदावरीकाठची, गावं एक करून जुलमी वसुली थांबवली होती. त्यांच्या राजनीतीच्या पोथीत समासात त्यांच्या हातची टिपणं आहेत असं कळलं आणि माझी झोपच उडाली.

पोथी गेवराईपलीकडं, त्यांच्या पणतवांच्या घरी होती. घरी म्हणजे दोन घरी! सुंदरराव आणि अर्जुनराव या भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा भांडी वाटली, बैल वाटले आणि पोथीपाशी अडलं. शेवटी पंचांनी तिची सुटी पानं पत्त्यांसारखी वाटली, एक थोरल्याला, एक धाकट्याला. त्या पंचांना भर उन्हात उभं करावं असं मला आजही वाटतं.

सुंदररावांचा बांधाचा दावा मी जिंकून दिला होता, त्यामुळं त्यांना नाही म्हणवेना. श्रावणात त्यांनी आपली पानं लाल फडक्यात बांधून माझ्या हाती दिली. घरी येऊन बघतो तर एका समासात बारीक मोडीत लिहिलेलं, 'धमक्या आल्या, लालूच आली, तरी गावे फुटली नाहीत. याचे कारण एकच, की...' आणि पान संपलं. पुढचं पान अर्जुनरावांकडं. मी कपाळ बडवून घेतलं.

पुन्हा दमणीला बैल जुंपले. अर्जुनराव गोठ्यात होते.

"कावून देऊ?" ते म्हणाले. "थोरल्यानं मला इचारलं का?"

"अहो, माझ्याकडं पोथी एकत्र तरी होईल."

"इथं ती एकत्रच हाय."

"मग निदान एक पान बघू द्या."

"दसऱ्याला सकाळी या. थोरल्याची पानं संगं आना. मंग बघा की सगळी."

मी मनात हसलो. पानं घेऊन गेलो की हे ठेवून घेणार, न कळायला मी काय दुधखुळा होतो? दोन घरांत वाटलेली पोथी म्हणे एकत्र! तणतणत परत आलो.

दसऱ्याला गेलो, पण संध्याकाळी, आणि आपट्याचं सोनं तेवढं घेऊन. या दिवशी दारी आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही, असा माझा हिशेब. दारात अर्जुनरावांच्या मालकीणबाई, मुक्ताबाई, उभ्या होत्या.

"मालक गंगंवर गेलेत," त्या म्हणाल्या.

"आत्ता? कशाला?"

"दर दसऱ्याला थोरले त्यांची पानं घेऊन यायचे. दोगं भाऊ एका जागी बसून पोथी जुळवायचे, पूजा करायचे. वर्सातनं तेवढंच बोलनं व्हतं त्यांचं. आज मालकांनी सकाळपासून पाट मांडला. थोरले दारापोतर आले आन् रिकाम्या हातानं आत कसं यावं म्हनून माघारी गेले." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "खंडित झालेलं देवात ठिवत न्हाईत, वकीलसायेब. मालक आपली पानं गंगंत सोडायला गेलेत."

मी नदीकडं धावलो. अर्जुनराव वर येत होते. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, खांद्यावर रिकामं लाल फडकं. मला ओरडायचं होतं. पण मी हातातलं सोनं तेवढं पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, कपाळाला लावलं.

"मी थोरल्यांची पानं परत आणून देतो," मी कसंबसं म्हणालो.

"आता कशासंगं जुळवायची?" ते म्हणाले आणि घराकडं चालू लागले.

मी मागोमाग गेलो. वाटेत सुंदरराव आपल्या ओट्यावर बसले होते. धाकटा भाऊ समोरून गेला तरी त्यांनी मान वर केली नाही. सोनं द्यायला मी त्यांच्याकडं वळलो, तेव्हा ते उठले आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.