चार वाजेपर्यंतची गळती

आमच्या ट्रकला परतीचा रस्ता विचारावा लागत नसे. जाताना सोडलेली तेलाची रेघ धरली की थेट घर. एकदा एक अनोळखी टेम्पोवाला ती रेघ पाहत पाहत आमच्या अंगणात येऊन उभा राहिला आणि पत्ता सापडल्यासारखा हॉर्न वाजवू लागला. खोटं सांगत नाही. सांगून मला काय मिळणार?

ट्रक वडिलांचा. त्यांच्यामागे अर्धा माझा, अर्धा ताईचा. स्टिअरिंगकडचा अर्धा माझा, असं मी धरून चालतो. चाळीस वर्षं त्याच्यावर बसलोय. खाली उतरलो की मला चालताही नीट येत नाही. अंगण मात्र सगळं ताईचं, आणि त्यात तिने नवी फरशी बसवलेली. गेल्या महिन्यात त्याच फरशीवर सांडलेल्या तेलावरून ती घसरली. मनगट मुरगळलं. हात गळ्यात अडकवून तिने निकाल सुनावला.

“शनिवारी चारला भंगारवाला येतोय. ट्रकखाली पांढरी चादर घालायची, अर्धा तास इंजिन चालू ठेवायचं. एक थेंब पडला की ट्रक त्याचा.”

“आणि नाही पडला तर?”

“तीन वर्षं पडतोय. आता शनिवारी लाजणार आहे का?”

मी ‘चालेल’ म्हणालो. साठी उलटली तरी ताईसमोर दुसरा शब्द तोंडातून निघत नाही.

शनिवारी सकाळी मिस्त्रीला घेऊन आलो. हा माझा शाळेतला सोबती. त्याने तोवर इंजिनाखालच्या चेंबरचं पॅकिंग दोनदा आणि पुढचं ऑइल सील एकदा बदललेलं. गळती आपली तशीच.

“आज काही बदलायचं नाही,” तो म्हणाला. “आज आधी बघायचं.”

“म्हणजे इतके दिवस न बघताच बदलत होतास?”

“खालून बघत होतो. तेल वर गळतं, वाऱ्याने मागे जातं, टपकतं तिसरीकडेच. आपण टपकतं तिथे बोंबलतो.”

आम्ही दोघांनी ब्रश आणि रॉकेल घेऊन इंजिन धुतलं. इतका मळ निघाला की ट्रक चार बोटं वर उचलला गेला. पुसून कोरडं केल्यावर मिस्त्रीने घरात जाऊन अंगाला लावायच्या पावडरचा डबा आणला.

“तो माझा डबा!” ताई पायरीवरून ओरडली.

“ताई, अंघोळ झाली. आता पावडर नको का लावायला?”

सगळं इंजिन पांढरंफेक करून त्याने मला चालू करायला सांगितलं. दहा मिनिटांत पावडरीवर काळे ओघळ उठले. एक वरच्या टॅपेट कव्हरखालून, एक तेल मोजायच्या पट्टीच्या भोकातून, एक पुढच्या नव्याकोऱ्या सीलमधून. मिस्त्री कंबरेवर हात ठेवून बघत राहिला.

“घरात सगळ्यांना एकदम ताप आला तर माणसं नाही, पाणी तपासायचं,” तो म्हणाला आणि चालू इंजिनावरच तेल भरायचं झाकण फिरवलं. झाकण फटकन उडालं. मिस्त्री म्हणतो वीतभर उडालं. मी ते घराच्या पत्र्यावरून उतरवून आणलं.

“आत दाब कोंडलाय. तो बाहेर सोडायला नळी असते, ब्रीदर. इंजिनाचं नाक म्हण. ते चोंदलंय, म्हणून वाफ मिळेल त्या फटीतून तेल ढकलतेय.”

तो ट्रकखाली सरकला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

“पक्कड दे.”

नळीच्या खालच्या तोंडात कापडाचा बोळा ठासलेला होता. मिस्त्री ओढू लागला. वीतभर आलं, हातभर आलं, दोन हात आलं. मला वाटलं, आता शेवटी नेसणारीच बाहेर येते. शेवटी एक बटण आलं. तेलाने काळ्या पडलेल्या कापडावर जांभळी फुलं अजून ओळखू येत होती. ताईचा जुना गाऊन.

आम्ही दोघांनी पायरीकडे पाहिलं.

“तिथूनच तर थेंब पडायचा,” ताई म्हणाली. “म्हणून बोळा घातला. आठवडाभर फरशी कोरडी होती.”

“ताई, कुणी शिंकू नये म्हणून त्याचं नाक बांधाल का?” मिस्त्री म्हणाला.

“तुझ्या शिंकेवरून मी घसरत नाही.”

मिस्त्रीने टॅपेट कव्हर खोलायला घेतलं. त्याची कड बोल्टांपाशी वाकलेली निघाली. ते पाप माझं. थेंब दिसला की मी पाना घेऊन आवळायचो. त्याने कड फळीवर ठेवून हलक्या हातोडीने सरळ केली, बुचाच्या शीटमधून नवं पॅकिंग कापलं आणि बोल्ट मधल्यापासून बाहेर असे बसवले.

“बोटांनी बसव, मग अर्धा फेरा. बास.”

“आणखी थोडं?”

“तुझे हात खिशात घाल.”

ब्रीदरची नळी काढून धुतली. फुंकर मारली तर पलीकडे निघाली. सील आणि पट्टीच्या भोकाला हातही लावला नाही.

चारच्या ठोक्याला भंगारवाला हातगाडी ढकलत आला. चादर पसरली. इंजिन सुरू केलं. भंगारवाला उकिडवा बसला, मी पालथा झोपलो, मिस्त्री घड्याळ धरून उभा. दहा मिनिटं काही नाही. वीस मिनिटं काही नाही. सील कोरडं, कव्हर कोरडं, भोक कोरडं. सत्ताविसाव्या मिनिटाला ब्रीदरच्या तोंडाशी एक थेंब फुगला, लोंबला आणि पडला.

“पडला,” भंगारवाला म्हणाला.

“जुन्या इंजिनाच्या ब्रीदरमधून एखादा येतोच. ती गळती नव्हे,” मिस्त्री म्हणाला.

“चादरीला काय कळतंय त्यातलं?”

मी उठून इंजिन बंद केलं. शब्द दिलेला होता. किल्ली काढून ताईपुढे धरायला मी हात पुढेही केला.

ताई वाकली. एका हाताने चाक धरून तिने तो थेंब पाहिला, मग नळी पाहिली, मग घरात गेली. येताना एक रिकामा डबा आणि तार घेऊन आली.

“हे त्या नळीखाली टांग.”

“ताई, थेंब पडला ना पण?” भंगारवाला म्हणाला.

“पडला. पण कुठून ते मला माहितीये. मी घसरले ते ठाऊक नसलेल्या थेंबांवरून.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणि त्यातले निम्मे माझेच.”

भंगारवाल्याचा चेहरा उतरला. ताईलाही ते बरं वाटलं नसावं. “आलाच आहात, तर मागची लोखंडी खाट न्या,” ती म्हणाली.

खाट हातगाडीत मावेना. शेवटी ती आमच्याच ट्रकमध्ये चढवली, हातगाडी वर ठेवली आणि भंगारवाला माझ्या शेजारी बसला. त्याच्या वखारीत खाट उतरवून होईपर्यंत मी इंजिन बंद केलं नाही. अशा ठिकाणी बंद करू नये.