ग्रीसचा वसंत आणि मध्ये सुलभा

फोटोत माणूस नसेल तर रोल फुकट गेला, असं मोहनरावांचं ठाम मत होतं. आणि खरं सांगायचं तर ते त्यांच्या एकट्याचं नव्हतं. मिनियापोलिसच्या आसपास ज्या ज्या मराठी घरात जेवणं आटोपल्यावर भिंतीवर स्लाइड्स दाखवल्या जात, तिथे नायगाऱ्यापुढे कुणाची तरी काकू उभी असे आणि ग्रँड कॅन्यनपुढे कुणाचे तरी काका. नुसता धबधबा कशाला काढायचा? तो पोस्टकार्डावर मिळतोच की. आपण तिथे जाऊन आलो याला पुरावा नको का? त्यामुळे ग्रीसमध्येही मोहनरावांनी तेच केलं, आणि त्या वेळी त्यांच्या बायकोला, सुलभालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सुलभा जवळच्याच ईडन प्रेरी गावातल्या एका लहानशा ट्रॅव्हल एजन्सीत कामाला होती. गोऱ्या म्हाताऱ्यांना हिवाळ्यात फ्लोरिडाला धाडायचं आणि देशी मंडळींना डिसेंबरात मुंबईला, यात तिची बरीच वर्षं गेली होती. सगळं जग तिच्या हातून तिकिटं घेऊन फिरत होतं आणि ती स्वतः फक्त साताऱ्याला जात होती. सत्याऐंशीच्या एप्रिलमध्ये पुतणीच्या लग्नाला निघताना एजन्सीची मालकीण डोरोथी म्हणाली, की वाटेत अथेन्सला उतरायचं असेल तर स्वस्तात जमवून देते. ‘वाटेतच आहे’ म्हटल्यावर मोहनरावही तयार झाले. वाकडी वाट करून कुठे जाणं त्यांच्या हिशेबात बसत नसे.

ग्रीसला जाणारे लोक उन्हाळ्यात जातात आणि बेटांवर जातात. या दोघांनी गाडी भाड्याने घेतली आणि उलटं तोंड करून खेड्यापाड्यांत शिरले. दक्षिणेला मानीच्या खडकाळ टोकावर दगडी बुरुजांच्या पायथ्याशी खसखशीची लाल फुलं नुसती उसळली होती. पेलियनच्या डोंगरात सफरचंदाला बहर आला होता आणि खेचरांसाठी बांधलेली फरसबंद वाट चेस्टनटच्या कोवळ्या पानांखालून गावागावाला जात होती. उत्तरेला झागोरीत विकोसची दरी, इतकी खोल, की खाली वाकून बघायला धीर करावा लागे. आणि केर्किनीचं तळं. तिथे पेलिकन पक्षी होते ते होतेच, पण काठाच्या चिखलात म्हशी बसल्या होत्या. खऱ्या, काळ्या, शिंगं मागे वळलेल्या म्हशी. सुलभा गाडीतून उतरली आणि तिला रडूच आलं. एवढ्या वर्षांत मिनेसोटाच्या चकचकीत पांढऱ्या-काळ्या गाई बघून बघून आपल्याला कशाची भूक लागली होती, हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

परत आल्यापासून ती डोरोथीच्या मागे लागली. वसंतातल्या ग्रीसची टूर काढू या, बेटं नकोत, फक्त ही खेडी, ही डोंगर-तळी, आणि घेऊन मी जाते. डोरोथी व्यवहाराची बाई. ती म्हणाली, “फेब्रुवारीत लायब्ररीच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी तुझ्या स्लाइड्स दाखव. बस भरेल इतक्यांनी तिथल्या तिथे नाव दिलं तर एप्रिलची टूर तुझी. नाही दिलं, तर ग्रीसचा विषय बंद.”

सुलभाला ही टूर हवी होती, इतकी की त्याची तिला स्वतःलाच लाज वाटे. पन्नाशीला टेकलेल्या बाईने एखाद्या गोष्टीसाठी असं जीव टाकावा का? पण हवी होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी तिने घरातल्या हॉलचे पडदे ओढले आणि प्रोजेक्टर लावून तालीम सुरू केली. मुलगी रेखा सोफ्यावर पाय पसरून बघत होती. ती जन्मली इथेच, त्यामुळे तोंडावर बोलायला तिला कधी अडचण पडली नाही. पाच-सहा स्लाइड्स झाल्यावर ती म्हणाली, “आई, यू आर इन एव्हरी सिंगल वन.”

सुलभाने पुन्हा पहिल्यापासून बघितलं. विकोसची दरी तिच्या डाव्या कानाशेजारी बोटभर दिसत होती. पेलिकनची चोच तिच्या खांद्यातून उगवली होती. मानीतल्या फुलांच्या ऐन मध्यावर ती, साडीवर रेखाचा जुना, टोपीवाला जाड पार्का आणि पायांत स्नीकर्स, परेडला उभी असल्यासारखी. घरी चार वेळा दाखवून झाल्या होत्या या स्लाइड्स. ‘काय सुंदर आलेत गं’ असं झाडून सगळ्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या.

“अहो, एक तरी नुसता डोंगर काढायचा होतात.” तिचा आवाज चढला.

“डोंगर काय, आहे तिथेच असतो,” मोहनराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. “आपण परत परत जाणार आहोत का?”

सुलभाला त्यांचा असा राग आला, की ती स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासायला लागली. मग तिने डोरोथीला फोन केला. डोरोथीकडे पर्यटनवाल्यांनी पाठवलेल्या स्लाइड्स होत्या, निळे घुमट, पांढरी घरं, रिकामे किनारे. “या लाव. नाहीतर कॅन्सल करू.” त्या घुमटांबद्दल तिला बोलण्यासारखं काहीच नव्हतं. तिथे ती गेलीच नव्हती. “माझ्याच लावते,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

लायब्ररीचा हॉल भरला होता. बाहेर तळी गोठलेली, बर्फाचे ढीग पुरुषभर उंच, आणि आत लोक जाड बूट वाजवत, कागदी कपातली कॉफी धरून बसलेले. बहुतेक जण साठी उलटलेले. मोहनराव टाय लावून प्रोजेक्टरपाशी बसले होते. आदल्या दिवसापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

पहिली स्लाइड पडली. दरी आणि तिच्यापुढे सुलभा. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

“माझ्या मागे जी आहे ना,” सुलभा म्हणाली, “ती जगातल्या फार खोल दऱ्यांपैकी एक आहे. माफ करा, मी जरा मध्ये आले आहे.” पुन्हा हसू. तिचे कान तापले. दुसरी स्लाइड, पुन्हा ती. तिसरी, पुन्हा ती. आता सरळ दिवे लावावेत आणि घरी जावं, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. मिसेस लिंडक्विस्ट, पांढऱ्या केसांच्या, हातात काठी. “या कपड्यांत तू त्या कड्यापर्यंत गेलीस कशी?”

“चालत,” सुलभा म्हणाली. “गावातून कड्यावरच्या मठापर्यंत फरसबंद वाट आहे, चढ फारसा नाही. साडी थोडी वर खोचली, झालं.”

“कठडा आहे?”

“आहे. तिथेच मी टेकले आहे बघा.”

मिसेस लिंडक्विस्ट पुढे झुकल्या. मग मानीची स्लाइड आली आणि मागून कुणी विचारलं, फुलं गुडघ्यापर्यंत येतात का? “माझ्या गुडघ्यापर्यंत. तुमच्या नाही येणार,” ती म्हणाली, कारण विचारणारा सहा फुटी होता, आणि या वेळचं हसणं वेगळं होतं. पेलियनच्या स्लाइडवर ती एका दगडी भिंतीवर बसून गुडघा धरून होती. सुलभा ती स्लाइड सोडून पुढे जाणार, तर एक बाई म्हणाल्या, “थांब, इथे काय झालं?”

“गुडघा दुखायला लागला,” तिने सांगून टाकलं. “या भिंतीवर बसले. समोरच्या घरातल्या आजीबाईंनी पाणी दिलं, वर चमचाभर गोड मुरांबा. मग उठले आणि पुढच्या गावापर्यंत गेले. तिथे बस येते.”

हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं. या लोकांनी आयुष्यभर पोस्टर्स बघितली होती. त्यांतली सुंदर ठिकाणं रिकामी असतात. तिथे कुणी दमत नाही, कुणाला बसायला जागा लागत नाही. इथे मात्र त्यांच्यासारखाच गुडघा दुखणारी, त्यांच्यापेक्षा बुटकी, सहा वार गुंडाळलेली बाई प्रत्येक ठिकाणी पोचून उभी होती. सुलभाच्या हे लक्षात आलं आणि तिने माफी मागणं सोडून दिलं.

केर्किनीच्या स्लाइडवर ती म्हशींपुढे उभी होती, डोळे लाल. “इथे मी रडले,” ती म्हणाली. “लहानपणी आमच्या दारात म्हैस होती. घरापासून इतक्या लांब ती भेटेल असं वाटलं नव्हतं.”

“दुधाला फॅट किती?” मागून एका म्हाताऱ्याने विचारलं. त्याची सगळी हयात डेअरी फार्मवर गेली होती.

“सात टक्के तरी.”

त्याने हळूच शीळ घातली. “हे बघायला मी येतो,” तो बायकोला म्हणाला.

दिवे लागले तेव्हा टेबलापुढे रांग लागली. सुलभा एकेकाला नाव विचारत होती, चालवतं किती, जिने चढवतात का, गोळ्या कुठल्या. मिसेस लिंडक्विस्टना तिने काठी आणायचीच असं बजावलं. डोरोथी दोनदा येऊन आणखी कागद ठेवून गेली आणि जाताना तिच्या खांद्यावर हात दाबून म्हणाली, “बस मोठी लागेल.” सुलभा घोटभर पाणी प्यायली आणि तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

पुढचा माणूस मोहनराव होते. प्रोजेक्टर गुंडाळून, टाय सैल करून ते शहाण्यासारखे रांगेत उभे राहिले होते.

“तुम्ही कशाला रांगेत?” ती म्हणाली.

“टूर तुझी आहे. रांगेशिवाय घेशील का?” त्यांनी पेन उचललं. मग जरा घुटमळले. “फुलांच्या पुढे तुला उभं केलं ते चुकलंच माझं.”

“नाही चुकलं,” ती म्हणाली. राग कधी उतरला ते तिला कळलं नव्हतं. “चालवतं किती?”

“रोज तळ्याला चक्कर मारतो, ठाऊक आहे तुला.”

“सगळ्यांना विचारते आहे.”

मोहनरावांनी नाव लिहिलं. लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत दोघांनी मिळून जितके प्रवास केले, त्या प्रत्येकात घरादाराचे पासपोर्ट त्यांच्या आतल्या खिशात असत. सवयीने त्यांचा हात कोटाकडे गेला. “पासपोर्ट माझ्याकडेच ठेवू ना दोघांचे?”

“सगळ्यांचे माझ्याकडे जमा करायचे आहेत,” सुलभा म्हणाली. “तुमचाही.”

मोहनरावांनी तिच्याकडे बघितलं, मग मागच्या रांगेकडे. “बरं,” ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला जागा द्यायला बाजूला झाले.