बारा पाकिटं

आमच्या बनशंकरी भागातल्या एका हॉलमध्ये गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. हयवदनस्वामी समईच्या ज्योतीला कान लावत. "स्वल्प थांबा, वर आज गर्दी आहे!" असं म्हणत आणि मग गेलेल्या माणसाचा निरोप चिठ्ठीवर लिहून देत. माणसं ती छातीशी धरून रडत.

मीही नाव घातलं. एका सकाळी माझ्या बायकोच्या, शुभदाच्या छातीत दुखत होतं. "ॲसिडिटी असेल," म्हणून मी कामावर गेलो. संध्याकाळी ती नव्हती. ती माझ्यावर रागावून गेली का, एवढंच मला विचारायचं होतं.

माझी पुतणी ऋचा कॉलेजात नव्या मुलांना समाजशास्त्रातले प्रयोग शिकवते. म्हणाली, "काका, वाद नको. तपासून बघू."

शेजारच्या तुंगाबाई स्वामींच्या पक्क्या भक्त. "करू दे की, पद्माकरअण्णा! स्वामींना कसली भीती? माणसं मी जमवते."

आम्ही बारा जण झालो. गुरुवारी प्रत्येकानं आपली चिठ्ठी न वाचताच ऋचाला दिली. तिनं डब्यात बारा नावं घालून न बघता सहा काढली. त्यांना त्यांचीच चिठ्ठी, उरलेल्या सहांच्या आपसात बदलायच्या. कुणाच्या बदलल्या ते सांगितलं नाही. बंद पाकिटं तुंगाबाईंनी वाटली.

"मला तरी सांग गं," तुंगाबाई म्हणाल्या.

"नको अक्का, तुमचा चेहरा बोलेल."

निरोप किती पटला, त्याला दहापैकी गुण द्यायचे होते. माझ्या चिठ्ठीत होतं, 'त्या सकाळचा विचार सोडा. राग नाही.' मी दहा दिले. हुंदका आवरेना.

ऋचानं यादी उघडली. स्वतःची चिठ्ठी मिळालेल्यांची सरासरी आठ. दुसऱ्याची मिळालेल्यांचीही आठ.

"बारा माणसं थोडी आहेत, पुन्हा करायला हवं. पण ज्योत खरंच बोलत असती, तर फरक दिसला असता. शेवटची सकाळ कुणाला नसते, काका? तो मोघम लिहितो, बाकीचं आपण भरतो."

"माझी चिठ्ठी?"

"ती आपल्या बारांतल्या नंदकिशोरची होती, त्याच्या गेलेल्या आईच्या नावची."

"आणि शुभदाची?"

ती तुंगाबाईंकडे गेली होती. 'कपाटातली वस्तू जपा.' त्यांच्या कपाटात नवऱ्याचं घड्याळ आहे. त्या पदरात तोंड घालून बसल्या होत्या.

शुभदा रागावली होती का, हे मला कधीच कळणार नाही. स्वामीलाही ते ठाऊक नाही.

तुम्ही अशा रांगेत उभे असाल, तर आधी चिठ्ठ्या बदलून बघा. आणि घरात कुणाच्या छातीत दुखत असेल, तर कामावर जाऊ नका. डॉक्टरकडे न्या.