भिंतीवरचा नावाडी

"हा फोटो काढा," ती मुलगी म्हणाली. "म्हणजे, भिंतीवरून काढा."

डॉक्टरबाईंचा चहाचा कप हातातच राहिला. साठी उलटल्यावर भरलेलं पहिलंवहिलं प्रदर्शन, आणि नेमका तोच फोटो! बाईंच्या पायाला जन्माची भिंगरी. दवाखाना चार दिवस बंद ठेवता आला, की कॅमेरा घेऊन निघाल्याच. "हिच्या बॅगेत निम्मी औषधं, निम्म्या लेन्स. हिचे कपडे माझ्या बॅगेत," असं त्यांचे यजमान आल्यागेल्याला सांगत. एवढ्या भटकंतीत हाती लागलेलं सोनं म्हणजे हा फोटो. काठावर ओढलेल्या होडीत झोपलेला नावाडी. उघडं अंग, किंचित वासलेलं तोंड, बरगड्यांवर कोवळं ऊन. निमंत्रणाबरोबर वर्तमानपत्रात तोच छापला होता.

"माझे बाबा आहेत ते," मुलगी म्हणाली. "पेपरात बघितलं आणि आई जेवणावरून उठली."

"कसे आहेत ते आता?"

"गेले. तुम्ही फोटो काढलात तेव्हा ते आजारी होते. त्यातच."

बाईंनी कप खाली ठेवला. मग चाचरत म्हणाल्या, "अगं, पण किती शांत दिसतायत बघ. लोक त्यांच्यासमोर उभे राहतात ते हलतच नाहीत."

"तेच तर! बाबा फार टापटिपीचे होते हो. दार वाजलं की आधी शर्टाची बटणं लावायचे, मग कडी काढायचे. शेवटी शेवटी आम्हीसुद्धा त्यांना असं बघितलं की तोंड फिरवायचो. आणि इथे..." तिने सभोवार पाहिलं. "केवढी माणसं आहेत."

दालनाचा व्यवस्थापक मध्ये पडला. "बाई, याच फोटोसाठी तर लोक येतायत. ऐन मधली भिंत बोडकी दिसेल."

बाईंनी फोटोकडे पाहिलं. ऊन अजून तितकंच देखणं होतं. पण दवाखान्यात पेशंटला हात लावण्याआधी त्या न चुकता पडदा ओढत. बाहेर चिटपाखरू नसलं तरी.

"स्टूल आणा," त्या म्हणाल्या.

"एकदा विचार कर," यजमान हळूच म्हणाले.

"केला. तुम्ही स्टूल धरा."

फोटो त्यांनी स्वतःच उतरवला. "कॉम्प्युटरमधूनही काढून टाकते हो," त्या मुलीला म्हणाल्या. तिने जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई खाली बसलीय. वर यायला तयार नाही."

बाई फ्रेम घेऊन जिना उतरल्या. दाराजवळच्या बाकावर म्हातारी अंग चोरून बसली होती. आता ही चार शब्द सुनावणार, म्हणून बाईंनी मनाची तयारी केली. म्हातारीने फ्रेम मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ पाहत राहिली.

"दमले होते हो," एवढंच म्हणाली.

मग तिने खांद्यावरची शाल काढली, फोटोतल्या माणसाच्या गळ्यापर्यंत पांघरली आणि कडा नीट खोचल्या.

बाई मोकळ्या हातांनी वर आल्या तेव्हा रिकाम्या खिळ्यासमोर एक गृहस्थ उभे होते. "डॉक्टर, तो नावाडी कुठे गेला? मी खास त्याच्यासाठी आलो होतो."

बाईंनी चष्मा पुसला.

"त्यांना घरी सोडलं," त्या म्हणाल्या.