बर्फाचं गाव आणि पुढची सीट

खरं सांगते, मला बर्फाचं काडीचंही वेड नव्हतं. बर्फ म्हणजे मासळीवर टाकतात तो, भुशात गुंडाळून येतो तो. त्याच्यावरून घसरायला विमानात बसून जायचं, हे कुठल्या शहाण्याच्या डोक्यात येईल? आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं.

आमचे हे म्हणजे पंढरीशेठ. गाव म्हणतं म्हणून मी शेठ म्हणते, नाहीतर नाव घ्यायची सवय नाही. कशेळीला खाडीलगत आमची जमीन होती, ती पंचाण्णव साली गोडाऊनवाल्यांना दिली. गोडाऊनच्या ऑफिसात एक कॅलेंडर टांगलेलं होतं. पांढराशुभ्र डोंगर आणि पायाला पट्ट्या बांधून सुळकन खाली येणारी माणसं. हे रोज तिथं चहाला जायचे आणि कॅलेंडरकडे बघत बसायचे. महिना संपला तरी कोणाला पान उलटू देईनात, असं तिथला शिपाई सांगत होता.

एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. हे चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "तिकडं बर्फात जायाचा म्हनतो. चांगला, भारीतला भारी हॉटेल. आपन दोघंच."

दोघंच! भाकरी करपली तरी मला वास आला नाही.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? तर ऐका. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि मी नवऱ्याच्या शेजारी बसून कुठं गेले नाही. जत्रेच्या टेम्पोत पुरुष पुढं, बायका मागं. लग्नात पुरुषांची पंगत आधी, आमची नंतर. जमिनीच्या पैशातून व्हॅन घेतली तेव्हा मनात म्हटलं, आता तरी! कसलं काय. गाडी हे चालवणार, पण पुढच्या सीटवर आमचे दीर केसरीनाथ. का, तर रस्ता दाखवायला. ज्या रस्त्यावर माझ्या नवऱ्याचा जन्म गेला, तो रस्ता दाखवायला! मी मागं, सासूबाईंच्या शेजारी, मांडीवर पिशवी. आमच्या सासूबाईंना सगळं गाव आक्का म्हणतं. आक्काच्या समोर बोलायची सोय नाही, म्हणून गप्प बसायचे. पण आतून जळायचे.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ती गोष्ट ओट्यावर सांगितली आणि झालं. आमच्याकडं ओट्यावर आलेली गोष्ट एकट्याची राहत नाही, ती भावकीची होते. आक्का म्हणाली, "मी पन येनार." केसरीनाथ भावजी म्हणाले, "मी न्हाय तर रस्ता कोन दाखवील?" म्हणजे परदेशातलाही रस्ता भावजीच दाखवणार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आत जाऊन भांडी आपटण्यापलीकडे काय करणार?

ठाण्याला ट्रॅव्हल कंपनीत काम करणारा शेलार गावचा अनंता एक दिवस चार गुळगुळीत पुस्तकं घेऊन आला. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, कॅनडा आणि जपान. ह्यातलं एक निवडा म्हणाला. बिचारा स्वतः पुण्याच्या पुढं गेलेला नव्हता, पण टाय लावला होता.

ओट्यावर ही गर्दी. अनंता म्हणाला, "कॅनडात काय करतात, हेलिकॉप्टरनं डोंगराच्या टोकावर नेऊन सोडतात."

"आनि खाली?" आक्काने विचारलं.

"खाली आपण घसरत यायचं."

"मंग वर नेतात कशाला? खालीच तर होतो ना आपन?"

अनंताने घाम पुसला. ऑस्ट्रियाचं नाव काढलं तर कोणी म्हणालं ऑस्ट्रेलिया, तिथं आपल्या क्रिकेटवाल्यांना फार चोपतात, नको तिथं. अनंता समजावून दमला की हे वेगळं आणि ते वेगळं. स्वित्झर्लंडला म्हणे आगगाडीच डोंगरावर चढते, हॉटेलवाला दारात मऊ चपला घेऊन उभा राहतो. जपानला बर्फाच्या मधोमध गरम पाण्याची कुंडं आहेत. ह्यांना ते फार आवडलं. गरम कुंडं म्हणजे आपली वज्रेश्वरीच की! मग अनंता आवाज बारीक करून म्हणाला, तिथं अंगावर कपडा ठेवत नाहीत. आक्काने पदर डोक्यावर ओढला आणि जपानचं पुस्तक उचलून बाजूला ठेवलं. केसरीनाथ भावजींनी मात्र नंतर ते दोनदा चाळलं, हे मी ह्या डोळ्यांनी बघितलं.

मी सगळ्यांत शेवटी पुस्तकं बघितली. मला त्यात एकच गोष्ट दिसली. चारही पुस्तकांत डोंगरावर एक तार आणि तारेला टांगलेल्या खुर्च्या. वर न्यायच्या खुर्च्या. एकेका खुर्चीत दोघं दोघं, खांद्याला खांदा लावून. मधे सासू नाही, दीर नाही, पिशवीसुद्धा नाही. मी ठरवून टाकलं, देश कुठलाही असो, मला त्या खुर्चीत बसायचंय. पण मला विचारतो कोण?

चार दिवस नुसता गोंधळ. सकाळी ऑस्ट्रिया पक्का, दुपारी कॅनडा, संध्याकाळी खारबावचा कोणी पाहुणा येऊन सांगे की स्वित्झर्लंडला मासळी मिळत नाही, की पुन्हा सगळं मुसळ केरात. केसरीनाथ भावजींनी तर सराव म्हणून खोक्याच्या दोन फळ्या पायाला बांधल्या आणि पेंढ्याच्या ढिगावरून घसरून बघितलं. कंबर धरून बसले. "तिथं बर्फ मऊ असतो," म्हणाले.

शेवटी आक्का म्हणाली, "गावदेवीला कौल लावा."

आमच्याकडं लग्न असो की विहीर, अडलं की कौल लागतो. फुलं ओली करून देवीच्या अंगाला चिकटवायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. इथं देश चार, म्हणून महादू भगत डोकं खाजवत बसला. मग त्याने चार फुलं लावली, एकेका देशाचं एकेक. जे आधी पडेल ते देवीच्या मनातलं. देऊळही आता साधं राहिलं नव्हतं. जमिनीच्या पैशातून फरशी झाली होती, पंखे लागले होते आणि पंख्याच्या पात्यावर लिहिलेलं होतं, 'कै. विठूशेठ यांच्या स्मरणार्थ'. विठूशेठ म्हणजे माझे सासरे.

आम्ही हात जोडून उभे. मी मनात म्हणत होते, आई, कुठलंही पाड, पण आम्हा दोघांनाच धाड. तेवढ्यात आक्का म्हणाली, "केवरा उकडतंय!" आणि कोणीतरी बटण दाबलं. सासऱ्यांचा पंखा गरगरला आणि चारही फुलं एकदम खाली.

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. चारही ठिकाणी जा, की कुठंच जाऊ नका? महादू भगताचं तोंड उघडं ते उघडंच. आक्का वर पंख्याकडं बघून म्हणाली, "म्हातारा जिता होता तवा पन असाच मदी मदी करायचा!"

आणि मग तिनेच तोड काढली. आमच्यात सोयरीक असो की म्हैस, आधी घरातले दोन पुरुष बघून येतात, मग बाकीची ठरवतात. "तर पंढरी न् केसरीनाथ जाऊदे. बघूदे. मंग समद्यांनी जायाचा."

"बराबर हाय," हे म्हणाले.

बराबर हाय! 'आपन दोघंच' म्हणणारा माणूस देवीच्या पायरीवर उभा राहून मान डोलवत होता. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. ह्यांनी विचारलं, पोट दुखतं का? मी म्हटलं, हो, पोटच दुखतंय.

स्वित्झर्लंड ठरलं, कारण सगळ्यात वरचं पुस्तक तेच होतं. दोन भाऊ लोकरीच्या टोप्या घालून गेले. मी सुकटीची चटणी बांधून दिली, सहा बरण्या. रागातही बांधली, काय करणार.

परत आले ते दोघंही अवघडल्यासारखे. केसरीनाथ भावजींनी ओट्यावर अहवाल दिला, "थंडी लय. भात चिकट. न् झोपायला दोघांत एकच पलंग." अनंताने दोन माणसांचं सगळ्यात भारी पॅकेज दिलं होतं. ते नव्या जोडप्यांचं निघालं. दार उघडलं तर पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले. हॉटेलवाल्या बाईने दोघा मिशाळ भावांना वाकून नमस्कार केला आणि दोन भावांत मिळून एक पुष्पगुच्छ दिला. केसरीनाथ भावजी रोज अंघोळीच्या टबात गादी टाकून झोपले. ओटा हसून लोळला. मीसुद्धा हसले.

दुपारी मी मागच्या दारी बोंबील साफ करत होते. हे येऊन उंबऱ्यावर बसले.

मग म्हणाले, "तिथं तारेवर खुर्च्या असतात."

माझा हात थांबला.

"दोघादोघांच्या. केसरीनाथ घाबरला, खालीच ऱ्हायला. मी एकलाच बसलो. दांडा खाली आला न् खुर्ची वर निंगाली. खाली समदा पांढरा, आवाज म्हनून न्हाय. बाजूची जागा रिकामी. मागच्या खुर्चीत म्हातारा-म्हातारी होती, आपल्या आक्काएवढी. हातात हात घालून. मी मदीच बाजूला बघितला, तुला काय तरी सांगाया. तर तू न्हाय."

मला रडू यायला पाहिजे होतं ना? नाही आलं. असा राग आला म्हणता! बोंबील परातीत आपटला.

"एवढ्या लांब बर्फात जाऊन कळलं तुम्हाला? इथं व्हॅनमधी कधी कळलं नाही?"

"व्हॅनचा काय?" हे म्हणाले. खरंच कळलं नव्हतं हो त्यांना. डोळ्यांत नुसता गोंधळ.

"अठ्ठावीस वर्षं मी मागं बसते. तुमची मान बघत बसते. तुमच्या मानेवर तीळ आहे, तो तुम्हाला तरी माहीत आहे का?"

ह्यांनी मानेवर हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "आपन माथेरानला जाऊ. दोघंच. लगेच."

"माथेरान गेलं उडत. मला ती खुर्ची पाहिजे. तीच, तुम्ही बसला ती. गावाचं नाव मला येत नाही, पण तुम्ही तिथं रिकामी जागा ठेवून आलाय, तिथंच मला बसवायचं."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पुन्हा सुरू. कोणी म्हणालं आता ऑस्ट्रिया बघून या, कोणी म्हणालं पुन्हा कौल लावू, पण पंखा बंद करून. जपानचं पुस्तक परत वर आलं होतं, ते कोणी आणलं हे मला विचारू नका. ह्यांनी कोणाचंच ऐकलं नाही. "अनंताच्या ऑफिसात चाललो," एवढंच म्हणाले आणि व्हॅन काढली. आक्काला गुडघा दाखवायला ठाण्याला जायचंच होतं, ती मागं चढली. केसरीनाथ भावजींनी सवयीने पुढचं दार उघडलं, एक पाय आत टाकला.

मी जवळ गेले. आक्का बघत होती, शेजारीपाजारीही बघत होते.

"भावजी," मी म्हटलं, "मागं बसा."

"मंग रस्ता...?"

"रस्ता मी दाखवते."

भावजींनी ह्यांच्याकडं बघितलं. हे समोरच्या काचेकडं बघत बसले, पण हात लांब करून सीटवरची धूळ तेवढी झटकली. आता आक्का काय बोलते म्हणून मी थांबले. आक्का मागून म्हणाली, "ये रे केसरीनाथ, बस माज्यापाशी. आनि ती पिशवी घे मांडीवर."

मी पुढं बसले. दार दोनदा लावावं लागलं, पहिल्यांदा नीट लागलंच नाही. कशेळीच्या पुलावर ही ट्रॅफिक, ट्रकमागे ट्रक, गाडी जागची हलेना. मागून भावजी करवादत होते. ह्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "उशीर होईल, न्हाय?"

"होऊ दे," मी म्हटलं.