तिरकी पिसं

विरास्नोच्या घरात बाण बनवणारे दोघे होते, हेच त्याचं दुखणं होतं.

तीस वर्षं जावातल्या बांतुलच्या आसपास बाण म्हटलं की त्याचंच नाव निघायचं. बायको मुर्जिनाह सरस शिजवून द्यायची, दोरा गुंडाळून द्यायची, एवढंच. चार वर्षांपूर्वी ती मैदानावर बायकांच्या रांगेत, इथल्या रीतीप्रमाणे मांडी घालून, नेम धरायला बसू लागली आणि स्वतःपुरते बाण स्वतःच करू लागली. टर्कीची पिसं तिने काडीवर जराशी तिरकी चिकटवलेली पाहिली, तेव्हा विरास्नो मोठ्याने हसला होता.

"काडी सरळ, नेम सरळ, मग पीस का वाकडं? बाण आहे की पंखा?"

"बाण फिरतो त्याने, मास. फिरला की शेपूट हलत नाही." नवऱ्याला ती मासच म्हणायची.

"आणि फिरण्यात वेग जातो, तो काय तुझा बाप भरून देणार?"

"बापाला कशाला त्रास? नेम केसभर वर धरायचा," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

तो हसला खरा, पण पुढे हसू आटत गेलं. आधी तिच्या मैत्रिणींनी बाण मागितले, मग त्यांच्या नवऱ्यांनी. फाटकाशी स्कूटर थांबली की विरास्नो ताठ बसायचा, आणि आलेला माणूस आदराने 'बू' लावून विचारायचा, "बू मुर्जिनाह आहेत का?" गेल्या महिन्यात तर लहानपणापासूनचा दोस्त तुगिरान आला आणि त्यानेही तेच विचारलं. विरास्नोने, "मागे आहे," एवढंच सांगितलं. पिसं चिकटवताना ती काहीतरी गुणगुणायची. पूर्वी त्याला ते ऐकू यायचंही नाही. आता तो तेवढ्यासाठी उठून विहिरीवर जाऊन बसायचा.

अशात तिरंदाजी मंडळाचे प्रमुख रोमो जोयो यांनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात सुराकार्ताहून पाहुणे येणार, त्यांना बाणांचे बारा जोड भेट द्यायचे. कोणाचे, ते शनिवारच्या खेळात बाणांची झेप बघून ठरवू. नाव भर सभेत घेतलं जाणार होतं. ते या घराबाहेर जाणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे तर विरास्नोला झोप येईना.

शनिवारी सकाळी मुर्जिनाह स्वयंपाकघरात शेंगदाण्याचे कुरकुरीत पेयेक तळत होती. विरास्नोने तिच्या टोपलीतून चार बाण उचलले. परत आणणाऱ्याला कोणाचा बाण कोणाचा ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या काडीवर आपापल्या रंगाची रेघ असते. तिची हिरवी रेघ त्याने सुरीने खरवडली आणि स्वतःची तांबडी ओढली. घरातली वस्तू घरातच राहिली, असं त्याने मनाला समजावलं. एक रेघ मात्र वाकडी आली.

दुपारी मैदानावर समुद्राकडून वारा सुटला. धनुष्य आडवं धरून सगळे चटयांवर बसले. तीस मीटरवर दोरीला नेमाची बाहुली लटकत होती, पांढरं अंग, लाल डोकं, आणि बाण लागला की वाजणारी घंटा. वारा आडवा होता, त्यामुळे ज्याचा त्याचा बाण शेपूट हलवत डावीकडे घसरत होता.

"माझा बाण बाजाराला निघालाय वाटतं!" तुगिरान ओरडला. "येताना मिरच्या आण रे!"

विरास्नोने नेम केसभर वर धरून बाण सोडला. बाण गरगरत गेला, जराही न डगमगता. घंटा वाजली. दुसरा, पुन्हा घंटा. चौथा थेट लाल डोक्यात.

"म्हातारा पेटला की!" तुगिरानने मांडीवर थाप मारली.

रोमो जोयो स्वतः उठले. परत आलेला एक बाण त्यांनी हातात घेऊन फिरवला. "विरास्नो, तुम्ही तर तिरक्या पिसांना हसत होता. मग हे कसं?"

"केलं आपलं," तो पुटपुटला.

"केलं आपलं म्हणे! वाऱ्यात असा बाण मी वीस वर्षांत पाहिला नाही. पिसांचा कोन बघा, तिन्हींचा सारखा. आणि दोऱ्याची गाठ दिसतच नाही. याला म्हणतात हात!"

तीस वर्षांत रोमोंनी त्याच्या बाणांना "चांगले आहेत" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. आज ते बोलत होते, आणि त्यांचा एकेक शब्द त्याच्या अंगावरून जाऊन पलीकडे बायकांच्या रांगेत पडत होता. नाव त्याचं घेतलं जात होतं, कौतुक तिचं होत होतं. तेही त्याला सोसवेना.

"पुरे!" तो जवळजवळ ओरडला. "एवढं काय आहे त्यात? माझे नाहीत ते."

कोणाचे, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांच्या माना बायकांच्या रांगेकडे वळल्या.

मुर्जिनाह उठली आणि वाऱ्याने उडणारा पदर आवरत त्याच्या चटईपाशी आली. रोमोंच्या हातातला बाण घेऊन तिने उन्हात धरला. "बाण मागितले असते तर चार काय, आठ दिले असते. रेघ का खरवडलीत?"

विरास्नोने धनुष्य मांडीवर ओढून घेतलं.

रोमोंनी विषय बदलला. "बू, हे फिरण्याचं काय गौडबंगाल आहे?"

"काडीत कुठेतरी बाक असतोच, रोमो. न फिरणारा बाण त्याच बाजूला घसरत जातो. फिरला की बाक घडीत इकडे, घडीत तिकडे, म्हणून बाण मधून जातो. वाऱ्याला मी थांबवू शकत नाही, काडीचं तेवढं बघते."

"बारा जोड तुमचे," रोमो म्हणाले.

तिने चारही बाण उचलले आणि आपल्या जागी जाऊन बसली. विरास्नोने स्वतःचे बाण आणलेच नव्हते. धनुष्य मांडीवर आणि हात रिकामे, असा तो बसला. उठून जावं तर सगळ्यांसमोरून जावं लागणार.

तुगिरानने मुकाट्याने गोड चहाचा पेला त्याच्याकडे सरकवला. टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं.

बायकांची पाळी आली. मुर्जिनाहने बाण सोडला, घंटा वाजली. घंटेसरशी विरास्नोने मान फिरवली. मग तिने दुसरा बाण चढवला, तेव्हा धनुष्यातून सुटल्यावर बाण किती हात अंतरावर फिरायला लागतो ते दिसावं म्हणून विरास्नो चटईवर थोडा पुढे सरकला.